सांगून काय होणार?

आठवी-नववीतली मुलगी भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालते, घरात कुणाशी धड बोलत नाही आणि आई म्हणते, "वयच तसलं आहे." वयाचा भाग असतोही. पण कधीकधी त्या बाह्यांखाली तिने स्वतःच करून घेतलेल्या इजेच्या खुणा असतात. हे श्रीमंतांच्या मुलांचे दुखणे, आपल्या वस्तीत असले काही नसते, असा आपल्या अनेक कार्यकर्त्यांचा समज आहे. तो टाकून द्यावा.

यातल्या बऱ्याच मुलांना त्या क्षणी मरायचे नसते, हे आधी समजून घेतले पाहिजे. राग, शरम, अपमान, रितेपणा असह्य झाला की तो थोडा वेळ तरी खाली बसावा, एवढ्यासाठी ती हे करतात. सुरुवात बहुधा बारा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास होते. मरण्याचा हेतू नसतो म्हणून गोष्ट हलकी ठरत नाही. अशा मुलांना पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. आणि आपण काय म्हणतो? "नाटक करते." "मोबाईलने बिघडवली." कुणी तर करणी झाली म्हणतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही मांत्रिकाकडे पाय वळतात, हे लिहायला बरे वाटत नाही, पण लिहिले पाहिजे.

अमेरिकेत मॅथ्यू नॉक आणि वेंडी मेंडेस या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःला इजा करून घेणारी आणि न घेणारी किशोरवयीन मुले त्यांनी तपासली. मुलांना पत्ते लावण्याचे एक काम दिले होते. त्यात पत्ता कसाही लावला तरी पुन्हा पुन्हा "चूक" असेच ऐकावे लागे. इजा करून घेणाऱ्या मुलांच्या शरीरात या वेळी ताण अधिक चढला आणि त्यांनी ते काम लवकर सोडले. मग त्यांच्यापुढे रोजच्या व्यवहारातले पेच ठेवले. मित्राने टाकून बोलले, घरी भांडण झाले, तर काय कराल? इथे जे दिसले ते फार महत्त्वाचे आहे. चांगले मार्ग सुचण्यात ही मुले मागे नव्हती. पण निवड करायची वेळ आली की ती घातक मार्ग निवडत, आणि चांगला मार्ग आपल्याच्याने निभेल असा विश्वास त्यांना कमी होता.

म्हणजे अक्कल कमी नाही. भरवसा कमी आहे.

त्या अभ्यासात जात मोजलेली नाही. पुढचे म्हणणे माझे आहे. बोलून काही होते, हा भरवसा मूल अनुभवातून शिकते. शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाते, मागच्या बाकावरून "सरकारचे जावई" असा आवाज येतो, शिक्षक हसतात. मुलगी घरी सांगते. बाप म्हणतो, "तू शिकायला जातेस, दुर्लक्ष कर." बापाचेही खरे आहे, त्याला रोजंदारी बुडवून शाळेत जाता येत नाही. मुलगी मुख्याध्यापकांकडे गेली तर तिलाच पुरावा मागतात. कसाही पत्ता लावा, "चूक"! तीन-चार वेळा असे झाल्यावर "सांगून काय होणार?" हा त्या मुलीचा निष्कर्ष ठरतो आणि तो तिच्या अनुभवाला धरूनच असतो.

साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे, हे आपण दरवर्षी सांगतो. त्या एकट्या मुलाची तहान १९२७ साली महाडला सर्वांचा प्रश्न झाली. पण आपण मुलांना काय शिकवले? १४ एप्रिलला भाषण करायला शिकवले. "मला सहन होत नाही" हे वाक्य बोलायला शिकवले नाही. उलट "वाघाची लेकरे रडत नाहीत" म्हणून गप्प केले.

धम्मवर्गातही काही उपदेशक सिद्धार्थाने देहदंड सोडल्याचे उदाहरण देऊन अशा मुलांना दटावतात. ते थांबवावे. त्यापेक्षा संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तातील दोन बाणांचा दृष्टांत समजावून द्यावा. पहिला बाण बाहेरून लागतो, दुसरा मनात लागतो. दुसऱ्याविषयी मुलाशी जरूर बोला, पण पहिला कुणी मारला याची चौकशी केल्यावर.

पालकांना मोठी भीती पोलिसांची वाटते. दवाखान्यात नेले तर केस होईल! भारतीय दंड विधानाचे कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नासाठी होते. मरण्याचा हेतू नसलेल्या इजेला ते लागूच नव्हते. प्रयत्नाच्या बाबतीतही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने ती व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आणि उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलम राहिलेलेच नाही. रुग्णालयाने एमएलसी नोंद केली म्हणजे मुलावर गुन्हा दाखल झाला, असे होत नाही. जखम असेल तर आधी दवाखाना. त्यानंतर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग किंवा १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक. तो चोवीस तास चालतो. खुणा दिसल्या तर ओरडू नका, शपथा घालू नका. "केव्हापासून त्रास होतोय?" एवढे विचारा आणि ऐका.

शाळेलाही सोडू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांच्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असे निर्देश दिले. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता, संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असेही त्यात आहे. प्रत्येक विहाराच्या समितीने आपल्या भागातील शाळांच्या मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा: समुपदेशक कोण आहेत, त्यांची पात्रता काय, ते कोणत्या वारी भेटतात, प्रशिक्षण कधी झाले? अनुदानित शाळा उत्तर देत नसेल तर माहिती अधिकारात विचारावे. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एका प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नये.