‘करमत नाही’ म्हणजे काय?

‘नैराश्य’ हा शब्द आपल्याला पुस्तकांत भेटतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडून मी तो क्वचितच ऐकला आहे. ती माणसे म्हणतात, ‘करमत नाही’, ‘अन्न गोड लागत नाही’, ‘पहाटे तीनला डोळा उघडतो’. ऐकणारा म्हणतो, ‘आता वय झालं!’ आणि विषय तिथेच संपतो.

‘लासी’ या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) साठीपुढच्यांना लक्षणे विचारली, तेव्हा ८.३ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची शक्यता दिसली. तसे निदान झाल्याचे सांगणारे होते अवघे ०.८ टक्के.

या दहापट अंतरामागे मला आपल्या काही समजुती दिसतात. उतारवयात मन संसारातून काढून घ्यावे, ही वानप्रस्थाची शिकवण. त्यामुळे म्हातारे माणूस गप्प झाले की घरच्यांना ती विरक्ती वाटते. पण विरक्त माणूस नातवंडांच्या हसण्याने सुखावतो. नैराश्यात ते हसू मनापर्यंत पोचतच नाही. दुसरी समजूत प्रारब्धाची : भोग भोगूनच संपतो, मग गोळी कशाला? तिसरी लाजेची : मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे ‘वेड्यांचा डॉक्टर’. हरिपाठाने, भजनाने आधार मिळतो, चार माणसे भेटतात. पण औषध घेत असतानाही ते चालू ठेवता येते.

वैद्यकातही एक पेच आहे. १९८०च्या दशकात खास वृद्धांसाठी तयार झालेल्या नैराश्य-प्रश्नावलीत शारीरिक तक्रारी मुद्दाम बाजूला ठेवल्या, कारण झोप आणि भूक वयानेही बदलते. आपले वृद्ध मात्र मनाचे दुखणे नेमके याच शब्दांत सांगतात. म्हणून ‘झोप लागत नाही’ हे ऐकल्यावर ‘आवडीच्या गोष्टी सुटल्या का?’ हेही विचारायला हवे.

थायरॉइडचा विकार, बी-१२ ची कमतरता, काही औषधे यांमुळेही असेच चित्र दिसते, तपासणी त्यासाठी. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. ‘फरक नाही’ म्हणून आठ दिवसांत त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

उदासी दोन आठवडे हटली नाही, तर वयाकडे बोट न दाखवता डॉक्टरांकडे जावे. आणि ‘आता जगून काय करायचं?’ हे वाक्य कानावर आले, तर त्याच दिवशी.