कांद्याच्या पापुद्र्यातली शाळा

"आई, मी पण तुझ्यावरच गेलेय. मला नाही जमणार सायन्स!" आठवीतल्या लेकीनं पुस्तक मिटत जाहीर केलं आणि कांदा चिरता चिरता माझा हात थांबला. चूक तिची नव्हतीच. 'माझं बाई विज्ञान कच्चं' हे पालुपद तिच्यासमोर मीच कितीदा तरी आळवलं होतं.

ती पाठ करत होती- मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. व्हिटाकर यांनी १९६९ साली मांडलेल्या सजीवांच्या पाच सृष्टी. नावं घडाघडा येत होती. पण "मोनेरा म्हणजे काय गं?" असं विचारलं, तर उत्तर आलं, "एक नंबरची सृष्टी!"

मला माझी शाळा आठवली. सूक्ष्मदर्शक होता, पण काचेच्या कपाटात, कुलपात. आम्ही पेशी पाहिली ती फळ्यावर, बाईंनी खडूनं काढलेली. आणि आमच्या घरी तरी काय वेगळं होतं? मामानं वाढदिवसाला दिलेला कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, वर्षभर कपाटातच पडून होता. कुलूप नव्हतं एवढंच! मूळचे भारतीय असलेले मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तो तयार केला. वस्तू साधारण १४० पट मोठी दाखवतो.

स्वयंपाक राहिला बाजूला. कांद्याच्या पाकळीच्या आतला पातळ पापुद्रा सोलला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला, वर आयोडीनचा एक थेंब. लेकीनं डोळा लावला आणि ओरडलीच, "आजी, लवकर ये!"

"मला काय दिसणार कप्पाळ," म्हणत सासूबाई आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर विटांची भिंत!" रॉबर्ट हूक यांना १६६५ साली बुचाच्या कापात अशाच रिकाम्या खोल्या दिसल्या होत्या, म्हणून तर त्यांनी 'सेल' हे नाव दिलं. आमच्या खोल्या मात्र रिकाम्या नव्हत्या. बऱ्याच खोल्यांत एकेक ठिपका होता, केंद्रक!

मग लेकीनं स्वतःच्या गालाच्या आतून टूथपिक हलकेच फिरवून तेही पाहिलं. "आई, इथे भिंतच नाही!" प्राण्यांच्या पेशींना पेशीभित्तिका नसते, हे वाक्य तिला आधीपासून पाठ होतं. कळलं मात्र आत्ता.

आता फ्रिजच रिकामा झाला. पालक, अंडी, दही, पावाचा बुरशी आलेला तुकडा, अळंबी. लेकीनं आधी ढीग केले ते 'व्हेज' आणि 'नॉनव्हेज' असे! मी म्हटलं, "अळंबी हिरवी आहे का? स्वतःचं अन्न स्वतः करते का?" नाही. म्हणजे वनस्पती नव्हे. पण पेशीला भित्तिका आहे, म्हणजे प्राणीही नव्हे. आणि गंमत म्हणजे त्या भित्तिकेत कायटिन असतं, कोळंबीच्या कवचात असतं तेच! अळंबी मुकाट बुरशीशेजारी जाऊन बसली. कवकांची सृष्टी लेकीला आता पाठ करावी लागली नाही.

"मग चातुर्मासात चालते की नाही?" सासूबाईंचा प्रश्न. त्याचं उत्तर व्हिटाकरांकडेही नसावं!

दह्यातले जिवाणू काही आम्हाला दिसले नाहीत. लेक हिरमुसली. पण कांद्याची पेशी मिलिमीटरच्या पाव हिश्शाएवढी असू शकते आणि हे जिवाणू मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे, हे त्या निमित्तानं वाचलं. त्यांच्या पेशीत वेगळं बांधलेलं केंद्रकच नसतं, म्हणून ते मोनेरात. 'एक नंबरची सृष्टी' म्हणजे काय, ते आम्हा दोघींना एकाच दिवशी समजलं.

मैत्रिणींनो, आपल्या स्वयंपाकघरात पाचांपैकी चार सृष्टी सहज सापडतात. पाचवी साठलेल्या डबक्यातल्या पाण्यात. मुलांना नावं सांगायची घाई करू नका. आधी बघू द्या, ढीग करू द्या, चुकू द्या. 'हे इथे का?' एवढंच विचारा.

मी माझं पालुपद मात्र बदललंय. 'माझं कच्चं' ऐवजी आता म्हणते, "मला माहीत नाही. चल, बघू या." परवा लेकीनं आजीला हेच वाक्य ऐकवलं, तेव्हा वाटलं, आता ती माझ्यावर गेली तरी हरकत नाही!