कोंडलेले द्रव आणि क्रांतिक बिंदू

मिथेनॉल व सायक्लोहेक्झेन हे दोन द्रव योग्य प्रमाणात घेऊन नळीत बंद केले, तर सामान्य तापमानाला त्यांचे दोन थर दिसतात. नळी सावकाश तापविल्यास सुमारे ४५ अंश सेल्सिअसला थरांमधील सीमा पुसट होत जाऊन अखेर नाहीशी होते. हे त्या मिश्रणाचे क्रांतिक तापमान होय. त्याच्या अगदी निकट मिश्रण दुधासारखे धूसर दिसते. कारण त्यात कोठे एका द्रवाचे तर कोठे दुसऱ्याचे प्रमाण किंचित अधिक झालेले असते. असे विभाग प्रकाशाच्या तरंगलांबीइतके वाढले की ते प्रकाशाचे जोरदार प्रकीर्णन करतात.

या विभागांच्या सरासरी विस्ताराला सहसंबंध लांबी म्हणतात. क्रांतिक बिंदूपासून दूर असताना ती रेणूच्या आकाराएवढीच असते. बिंदूपासूनचे अंतर ०.०३ अंश उरले की ती काही दशके नॅनोमीटर होते, आणि अंशाच्या काही दशसहस्रांश उरल्यावर मायक्रोमीटरच्या घरात जाते. म्हणूनच अशा प्रयोगांत तापमान विलक्षण स्थिर राखावे लागते. बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी १९३३ साली भौतिकी विभाग सुरू केला. याच विभागातील अनिल कुमार, एच. आर. कृष्णमूर्ती व ई. एस. राजा गोपाल यांनी द्विद्रव मिश्रणांतील क्रांतिक आविष्कारांचा विस्तृत आढावा १९८३ साली प्रसिद्ध केला.

सिद्धांतानुसार क्रांतिक बिंदूवर सहसंबंध लांबी अनंत होते. पण कोणतेही पात्र अनंत नसते. समजा, असे मिश्रण १०० नॅनोमीटर रुंदीच्या फटीत कोंडले आहे. बिंदूपासून सुमारे ०.०२ अंशावरच सहसंबंध लांबी फटीच्या रुंदीला गाठते; त्यापुढे त्या दिशेने तिला वाढण्यास जागा उरत नाही. परिणामी विशिष्ट उष्णतेचा आलेख टोकदार न राहता बोथट होतो आणि त्याचा माथा किंचित सरकतो. शिवाय भिंतीला बहुधा एक द्रव अधिक प्रिय असतो. तोही आपला प्रभाव पाडतो.

मग लहान नमुन्यावरील मापन निरुपयोगी मानावे काय? तसे नाही. मायकेल फिशर व मायकेल बार्बर यांनी १९७२ साली दाखविले की, महत्त्व नुसत्या आकाराला नसून आकार व सहसंबंध लांबी यांच्या गुणोत्तराला असते. त्यामुळे वेगवेगळ्या रुंदीच्या फटींतील निष्कर्ष योग्य प्रमाणात मांडल्यास एकाच वक्रावर यावयास हवेत. द्रव हीलियम २.१७ केल्विनला अतिप्रवाही होतो. तेथेही असाच नियम अपेक्षित आहे. परंतु पृथ्वीवर द्रवाच्या स्वतःच्या भाराने वर व खाली दाब भिन्न राहून संक्रमण अस्पष्ट होते. म्हणून नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी अवकाशयानातून ५७ मायक्रोमीटर जाडीच्या थरांत कोंडलेला हीलियम नेऊन त्याची विशिष्ट उष्णता मोजण्यात आली.

कोंडमाऱ्याचा परिणाम भिंतींवरही होतो. फिशर व द जेन यांनी १९७८ साली असे भाकीत केले की, अशा द्रवात जवळ असलेल्या भिंतींमध्ये बल निर्माण होईल. पाणी व ल्युटिडीन यांच्या मिश्रणात, काचेजवळ तरंगणाऱ्या सूक्ष्म गोळीवर ते बल २००८ साली प्रत्यक्ष मोजले गेले. दोन्ही पृष्ठभागांना एकच द्रव प्रिय असल्यास आकर्षण, भिन्न असल्यास प्रतिकर्षण आढळले. पात्राची मर्यादा क्रांतिक बिंदू धूसर करते हे खरे. परंतु ही धूसरता किती, हे नियमाने ठरत असल्यामुळे तिच्यावरूनच अमर्याद द्रवाचे गुणधर्म काढता येतात.