सदाफुलीचे औषध आणि बांधावरची पावले

मार्गासनीहून एक रस्ता साखरकडे, राजगडाच्या पायथ्याला जातो. पावसाळ्यात इथली भातखाचरे भरली की चालायला उरतो तो वीतभर रुंदीचा निसरडा बांध. त्यावरून पोरे खाली न बघता पळतात. माती किती दबली, घोटा किती कलला, याची खबर पायातल्या नसा क्षणोक्षणी वर धाडतात. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याची हालचाल सांगतात, डोळे आजूबाजूचे पाहतात. या तिन्हींचा मेळ लहान मेंदू घालतो, पोराला काही कळायच्या आत.

पायाकडची खबर मंदावली तर काय होते, हे ब्लड कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या काही मुलांमध्ये दिसते. चप्पल निसटते आणि मुलाला पत्ताच नसतो. पाऊल आपटत पडते. दिवसा बरे चालणारे पोर अंधारात भेलकांडते, कारण तिथे डोळ्यांचाही आधार सुटतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, चार घास नीट खाल्ले की जाईल. अशक्तपणा असतोच, स्टिरॉइडने मांड्यांचे स्नायूही ढिले पडतात. पण पावलांच्या या तक्रारीमागे पुष्कळदा असते ते सदाफुलीतून आलेले एक औषध.

होय, अंगणातली तीच सदाफुली. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर मधुमेहासाठी तिच्या पानांचा अर्क उंदरांवर तपासत होते. साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र भराभर घटल्या. त्या शोधातून व्हिनब्लास्टिन मिळाले, मागोमाग त्याचे भावंड व्हिनक्रिस्टीन आले आणि १९६३पासून ते वापरात आहे. परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी व सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मुलांच्या ल्युकेमियासाठी जी उपचारपद्धती रुजवली, तिच्यातही ते होते. एका वेळचा डोस सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाही. तांदळाचा एक दाणा याच्या दहापट भरेल! पाने चावून हे औषध मिळत नाही, उलट विषबाधा होऊ शकते. ते फक्त शिरेतूनच द्यायचे असते.

आता खरे नवल. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ नळ्या असतात, एका मिलिमीटरच्या रुंदीत चाळीस हजार मावतील इतक्या बारीक. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जातात ती या नळ्यांच्या आधाराने. व्हिनक्रिस्टीन नळ्या जुळूच देत नाही, मग कर्कपेशी मध्येच अडकते आणि मरते. पण नसेची पेशी तर दुभंगत नाही, मग तिला इजा का व्हावी? कारण त्याच नळ्या तिचे रस्ते आहेत. पायाची संवेदना वाहणाऱ्या पेशीचा गाभा पाठीच्या कण्यालगत असतो आणि तिचा धागा थेट अंगठ्यापर्यंत जातो, पाच-सहा वर्षांच्या मुलातही अर्ध्या मीटरहून लांब. गाभ्यात बनलेला माल कायनेसिनसारखी प्रथिने नळ्यांवर अक्षरशः पावले टाकत टोकाकडे नेतात. एक पाऊल आठ नॅनोमीटरचे, म्हणजे अर्ध्या मीटरला सहा कोटींहून अधिक पावले. अशा वाहक प्रथिनांवर मुंबईत रूप मल्लिक यांनी केलेल्या कामाला २०१८चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. मुलाचे पाऊल अडखळते ते आधी पेशीतली ही पावले अडखळतात म्हणून, हे मला फार विलक्षण वाटते. आणि जितका रस्ता लांब तितका तो लवकर मोडतो, म्हणून तक्रार बहुधा पावलांपासून सुरू होते.

औषध थांबल्यावर रस्ते पुन्हा बांधले जातात. नसेची वाढ दिवसाला साधारण मिलिमीटरभर, त्यामुळे सुधारायला महिनोन् महिने लागतात, काहींत थोडी उणीव वर्षानुवर्षे राहते. घोट्याचे ताण, एका पायावर उभे राहण्याचा सराव, गरज पडल्यास पावलाला आधार देणारी पट्टी, हे फिजिओथेरपिस्ट शिकवतात. लवकर सांगितले तर डॉक्टर डोसही जुळवून घेऊ शकतात.

पावसाळ्यात भातखाचरांच्या गावांनी एक गोष्ट विशेष जपावी. चिखल्या, गजकर्ण यांवर इट्राकोनॅझोलची गोळी सर्रास दिली जाते. यकृतात व्हिनक्रिस्टीन मोडणाऱ्या एन्झाइमला ती गोळी अडवते, औषध अंगात साठते आणि नसांची इजा वाढते. केमो चालू असलेल्या मुलाला अशी गोळी देण्याआधी त्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करायलाच हवा.