नांदूर मध्यमेश्वर : गाळाची बेटे व त्यांवरील जीवसृष्टी

प्रस्तावना : नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर हा दगडी बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या बंधाऱ्याचा हेतू केवळ सिंचनाचा होता. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवून ते डाव्या व उजव्या कालव्यांद्वारे कोपरगाव-राहाता भागाकडे वळविले जाते. त्याच्या फुगवट्यात आज जी बेटे दिसतात, ती कोणत्याही आराखड्यात नव्हती. प्रस्तुत लेखात या बेटांची घडण, त्यांवरील जीवसृष्टी व तिच्यापुढील पेच यांचा विचार केला आहे.

बेटांची घडण : गोदावरी व तिला मिळणारी दारणा सह्याद्रीच्या माथ्यावरून येतात. इगतपुरी परिसरात वर्षाला 3000 मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. निफाड मात्र पर्जन्यछायेत आहे. बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली बारीक काळी माती पुराबरोबर वाहत येते. फुगवट्यात शिरताच प्रवाहाचा वेग मंदावतो व त्याची वहनशक्ती घटते. प्रथम जाड रेती व नंतर बारीक गाळ तळाशी बसतो. गाळाचा उंचवटा पाण्याबाहेर डोकावला की त्यावर पाणकणीस व लव्हाळा रुजतात. त्यांची मुळे पुढच्या पुराचा गाळ धरून ठेवतात आणि उंचवट्याचे बेट होते. उंच भागी पुढे बाभळी उभ्या राहतात.

जीवसृष्टी : उथळपणा हा जलसाठ्याचा दोष, पाणपक्ष्यांना मात्र तोच मानवतो. बेटाच्या ओल्या काठावर शेकाट्या व तुतवार किडे टिपतात. घोटाभर पाण्यात चमचा पक्षी चोच डावी-उजवीकडे फिरवीत चालतो, तर थोड्या खोल पाण्यात थापट्या व तलवार बदके चरतात. पाणकणसाच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी घरटे करते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस शेतांत चरून विश्रांतीस पाण्याकडे परततात. कुत्री व कोल्हे पोहोचू शकत नाहीत, हेच बेटाचे खरे मोल होय. नदी सुरय हा पक्षी तर उन्हाळ्यात उघड्या रेतीवरच अंडी घालतो.

मात्र ही सुरक्षितता पाण्याच्या पातळीवर अवलंबून आहे. कालव्याच्या आवर्तनासाठी पाणी सोडले की पातळी उतरते आणि बेट काठाला जोडले जाते. वरून पाणी आले की सखल भाग बुडतो. नैसर्गिक नदीत हा बदल ऋतूनुसार होतो, येथे तो सिंचनाच्या वेळापत्रकानुसार होतो. त्यात विणीच्या काळाचा विचार अभावानेच असतो.

गाळाचा पेच : या परिसरास 1986 मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. 2019 मध्ये 1437 हेक्टर क्षेत्र रामसर यादीत समाविष्ट झाले. हा मान मिळविणारे हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ स्थळ. रामसरच्या माहितीनुसार येथे 536 जातींची नोंद आहे. तथापि 2016 व 2019 च्या पुरांत सायखेडा व चांदोरी ही फुगवट्याच्या वरच्या बाजूची गावे पाण्याखाली गेली. तेथील शेतकरी साठलेल्या गाळाकडे व पुलांना अडकणाऱ्या पानवेलींकडे, म्हणजेच जलपर्णीकडे, बोट दाखवितात. हे गाऱ्हाणे पक्षिप्रेमाच्या नावाखाली बाजूस सारता येणार नाही. पक्षी निरीक्षणास येणारा पाहुणा सायंकाळी परत जातो, पुराचे पाणी मात्र त्यांच्याच घरात शिरते.

गाळ सरसकट उपसल्यास उथळ काठ नाहीसे होतील व खोल पाण्याचा एक सामान्य तलाव उरेल. याउलट मुख्य प्रवाहाच्या पात्रापुरताच गाळ काढणे, पानवेली पावसाळ्यापूर्वी हटविणे आणि मार्च ते मे या काळात पातळीतील चढउतार शक्य तितके मंद ठेवणे, हे उपाय प्रस्तुत लेखकास अधिक व्यवहार्य वाटतात. पानवेलींचे मूळ मात्र वर, नाशिक शहरातून नदीत येणाऱ्या सांडपाण्यात आहे. त्यातील पोषकद्रव्ये घटली नाहीत, तर काढलेली पानवेल पुन्हा तितकीच वाढते.