सायकलीला वेळ कुठून आणायचा?

डॉक्टर सांगतात, रोज थोडी सायकल चालवा. रक्तातली साखर आटोक्यात राहील, चढ चढताना दम लागणार नाही. आपण मान डोलावतो. घरी येतो आणि म्हणतो, "वेळ कुठे आहे?" पहाटे धार काढायची, मग शेत, दुपारी बाजार, संध्याकाळी पोराबाळांचे बघायचे. त्यातून थंडीचे दिवस. सहा वाजले की अंधार!

ही अडचण खरी आहे. तिला आळस म्हणून चालणार नाही. पण थोडा हिशेब करून पाहू.

समजा, तुमचे शेत घरापासून ३ किलोमीटरवर आहे. पायी जायला ४० मिनिटे लागतात. सायकलीने सावकाश गेलात तरी १५ मिनिटांत पोचता. जाऊन येऊन ८० मिनिटांच्या जागी ३० मिनिटे झाली. म्हणजे सायकलीने वेळ घेतला नाही, उलट ५० मिनिटे तुमच्या पदरात टाकली.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पायी कोण जातो? दारात मोटारसायकल आहे." बरे, तिचाही हिशेब करू. ती ६ मिनिटांत नेते. जाऊन येऊन १२ मिनिटे. सायकलीला १८ मिनिटे जास्त लागली. पण त्या १८ मिनिटांच्या मोलात ३० मिनिटांचा व्यायाम पदरी पडला. आठवड्यातून पाच दिवस असे केले की १५० मिनिटे होतात. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान एवढी तरी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती एका दमात करावी असेही नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडे जोडले तरी चालतात. म्हणून सायकलीसाठी वेगळा वेळ शोधू नका. ज्या कामाला रोज जाताच, त्या कामाला सायकलीवर जा. दूध डेअरीत घालायचे आहे, दळण आणायचे आहे, पोराला शाळेत सोडायचे आहे, ही सगळी सायकलीची कामे आहेत.

आता उजेडाचे पाहू. पृथ्वी कललेली आहे. त्यामुळे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकतो आणि आपला दिवस लहान होतो. पुण्याच्या बाजूला जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो. २१-२२ डिसेंबरला तो ११ तासांवर येतो. नागपूर-गोंदियाकडे सूर्य आपल्या आधी वीस-पंचवीस मिनिटे उगवतो आणि तसाच आधी मावळतो.

एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपण म्हणतो. वाढतो खरा, पण दोन्ही टोकांनी सारखा नाही. सूर्य सगळ्यांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी, सहाला दोन-तीन मिनिटे कमी असताना. डिसेंबरपासून संध्याकाळ हळूहळू लांबू लागते. संक्रांतीला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. सकाळ मात्र उशिराचीच राहते. जानेवारीच्या मध्यालाही सूर्य सातनंतरच उगवतो. यातून कामाची गोष्ट कळते. थंडीत पहाटे पाचला उठून अंधारात सायकल काढण्याचा हट्ट नको. ज्याला जमेल त्याने संध्याकाळची फेरी धरावी. सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटे संधिप्रकाश असतो. तेवढ्यात घर गाठता आले पाहिजे, असा बेत ठेवा.

सगळ्यांनाच हे जमत नाही. शेतपंपाची वीज अजून पुष्कळ ठिकाणी रात्रीची येते. पाणी द्यायला अंधारात जावेच लागते. आणि नेमक्या याच दिवसांत उसाचा हंगाम असतो. रस्त्याच्या कडेला बिघडलेली ट्रॉली उभी असते, मागे दिवा नाही की काही नाही. समोरून मोटार आली, डोळे दिपले, की ती ट्रॉली दिसत नाही. किती घरांचे कर्ते पुरुष असे गेले! समोरच्या उजेडाने डोळे दिपले तर वेग कमी करा, नाहीतर सरळ खाली उतरून उभे राहा. त्यात कमीपणा काही नाही.

आपणही दुसऱ्याला दिसलो पाहिजे. मागच्या मडगार्डाला लाल चमकपट्टी हवीच. मोटारीचा उजेड पडला की ती चकाकते. अंगात पांढरा सदरा असावा. काळी घोंगडी पांघरून सायकल चालवणारा माणूस जवळ येईपर्यंत दिसत नाही. आमच्या तरुणपणी डायनॅमोचा दिवा असे. चाक थांबले की दिवा गेला! शिवाय बिनदिव्याच्या सायकलीला पोलीस अडवीत. आता बॅटरीचे छोटे दिवे मिळतात. एक पुढे, एक मागे लावा. पुढच्याचे तोंड जरा जमिनीकडे ठेवा.

मायबहिणींचे वेगळे बोलले पाहिजे. घरात सगळ्यांत कमी वेळ त्यांनाच. तामिळनाडूत पुदुक्कोट्टै नावाचा जिल्हा आहे. तेथे १९९१ साली साक्षरतेची मोहीम निघाली. शीला राणी चुंकत या तेथील जिल्हाधिकारी होत्या. अक्षरांबरोबर बायांनी सायकलही शिकावी, असे त्यांनी ठरवले. लोक हसले, वेडेवाकडे बोलले. तरी हजारो बाया शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी ही हकीकत लिहिली आहे. पूर्वी माल विकायला जायचे तर बसची वाट पाहण्यातच वेळ जाई. पाणी आणि मुले यांच्यासाठी लगबगीने परतावे लागे. सायकल आली आणि तो वेळ वाचला. बायकांच्या सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी दांडीच्या घेतल्या. काहींना तर त्याच आवडल्या, कारण दांडीवर मूल बसवता येते.

आपल्याकडे शाळेतल्या मुली सायकल चालवतात, आया मात्र बिचकतात. शिकणे अवघड नाही. सीट एवढी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. आधी पायडल मारू नका. पायांनी ढकलत, तोल सांभाळत पुढे जा. तोल जमला की पायडलवर पाय ठेवा. रविवारी सकाळी शाळेचे मैदान मोकळे असते. तेवढा तासभर चूल नवऱ्याने सांभाळावी. भाकरी नाही जमली तर भात टाकावा.

राहिली सायकलीची निगा. हवा, ब्रेक आणि चेन रात्रीच पाहून ठेवा. सकाळी पंक्चर सापडले की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. दिवाही रात्रीच चार्जरला लावा, आणि सकाळी काढून सायकलीला बसवायला विसरू नका.