पावणेतीन किलोची ‘बॉम्बे’

सिडनीच्या बालमेन उपनगरात आज जिथे मॉर्ट बे पार्क आहे, तिथे शंभरेक वर्षं मॉर्ट्स डॉक ही गोदी गजबजलेली होती. दुसऱ्या महायुद्धात याच गोदीत एक युद्धनौका बांधली गेली आणि तिला नाव मिळालं ‘एचएमआयएस बॉम्बे’. युद्धकाळात ऑस्ट्रेलियाने आपल्या आठ गोद्यांमध्ये बाथर्स्ट वर्गाच्या ६० कॉर्व्हेट, म्हणजे छोट्या युद्धनौका, बांधल्या. त्यांतल्या चार तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीसाठी होत्या. ‘बॉम्बे’ आणि ‘पंजाब’ मॉर्ट्स डॉकमध्ये तयार झाल्या, ‘मद्रास’ आणि ‘बेंगाल’ जवळच्याच कोकाटू बेटावर.

या नौकांचं काम कष्टाचं होतं. पाणसुरुंग काढायचे, मालवाहू ताफ्यांची राखण करायची, पाणबुड्यांचा माग काढायचा. पण वेळ आली तेव्हा त्या लढल्याही. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘बेंगाल’ ही ‘ओन्दिना’ या डच टँकरला सोबत करत होती. समोरून ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’ ही दोन सशस्त्र जपानी जहाजं आली, प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी. ‘बेंगाल’वर मोठी म्हणावी अशी एकच तोफ होती. तरीही लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांनी टँकरला निसटून जायला सांगितलं आणि आपली नौका शत्रूच्या अंगावर घातली. ‘होकोकू मारू’ स्फोट होऊन बुडालं. ‘बेंगाल’ आणि ‘ओन्दिना’ दोन्ही वाचल्या.

या चारही भारतीय नौका पुढे भंगारात गेल्या. आज त्या पाण्यावर चालताना पाहायच्या असतील, तर एकच मार्ग उरतो: रेडिओवर चालणारी, तपशिलात अचूक अशी प्रतिकृती. ऑस्ट्रेलियात हा छंद चांगलाच रुजलेला आहे. ‘टास्क फोर्स ७२’ ही तिथली संघटना १:७२ या एकाच प्रमाणात युद्धनौका बांधणाऱ्यांची आहे. प्रमाण सगळ्यांचं सारखं, त्यामुळे तळ्यात कॉर्व्हेटशेजारी क्रूझर आली की खऱ्या बंदरात दिसला असता तोच लहानमोठेपणा दिसतो.

आधी तारीख ठरवा

प्रतिकृतीची सुरुवात लाकूड कापण्यापासून होत नाही, तारीख ठरवण्यापासून होते. युद्धनौका आयुष्यभर बदलत राहते. तोफा बदलतात, रडार येतं, रंग बदलतो. १९४२ची नौका आणि १९४५ची नौका एकाच आराखड्यातून बांधली, तर निदान एक तरी चुकतेच.

‘बॉम्बे’साठी एक तारीख आपसूक पुढे येते: ३१ मे १९४२. त्या रात्री तीन जपानी छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात घुसल्या. अमेरिकेच्या ‘शिकागो’ या क्रूझरवर सोडलेला टॉर्पेडो चुकला आणि त्याच्या स्फोटाने ‘कुटाबुल’ ही नौदलाने घेतलेली जुनी फेरीबोट बुडाली; २१ नौसैनिक मरण पावले. त्या रात्री बंदरात असलेल्या युद्धनौकांमध्ये नुकतीच सेवेत दाखल झालेली ‘बॉम्बे’ही होती.

तारीख ठरली की पुरावे गोळा करायचे: गोदीचे आराखडे, अभिलेखागारातली छायाचित्रं. शिवाय बाथर्स्ट वर्गाच्या दोन नौका आजही जतन केलेल्या आहेत. ‘कॅसलमेन’ मेलबर्नजवळ विल्यम्सटाउनला पाण्यात उभी आहे, ‘व्हायला’ दक्षिण ऑस्ट्रेलियात तिच्याच नावाच्या गावी जमिनीवर. आराखड्यात एका रेषेने दाखवलेली शिडी प्रत्यक्षात कशी वळते, डेकवरचा पंखा कोणत्या उंचीवर आहे, हे तिथे टेप लावून मोजता येतं. जमिनीवरच्या ‘व्हायला’चा एरवी पाण्याखाली राहणारा भागही पाहता येतो.

घनाचं गणित

खरी नौका ५६.७ मीटर लांब आणि ९.४ मीटर रुंद. बहात्तरने भागलं की जेमतेम ७९ सेंटिमीटर लांबी आणि १३ सेंटिमीटर रुंदी येते. वजन मात्र बहात्तरच्या घनाने भागावं लागतं, म्हणजे ३,७३,२४८ने. पूर्ण भरलेल्या नौकेचं वजन होतं १,०२५ टन. प्रतिकृतीच्या वाट्याला येतात पावणेतीन किलो. सांगाडा, मोटारी, बॅटरी, रंग, तोफा, खलाशी असं सगळं मिळून एवढंच. जास्त झालं तर जलरेषा पाण्याखाली जाईल, कमी झालं तर नौका बुचासारखी तरंगेल.

हेच गणित उलटं केलं की धडकी भरते. प्रतिकृतीच्या डोलकाठीवर चढवलेले शंभर ग्रॅम म्हणजे खऱ्या नौकेच्या डोलकाठीवर ३७ टन! म्हणून वरचं सगळं हलकं ठेवायचं: पातळ प्लॅस्टिक शीट, पोकळ चिमणी, बारीक पितळी तार. जड ते सगळं तळाशी ठेवायचं.

सांगाडा दोन प्रकारे होतो. एक पद्धत आपल्या कोकणातल्या होडीबांधणीच्या जवळची: मधला कणा, त्यावर प्लायवूडच्या आडव्या बरगड्या, वरून बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, मग फायबरग्लासचं कापड आणि रेझिन. दुसरी पद्धत साच्याची. आधी लाकडाचा नमुना घासून तयार करायचा, त्यावरून साचा घ्यायचा आणि साच्यातून फायबरग्लासचं कवच काढायचं. दुसरीत सुरुवातीचे श्रम जास्त, पण एका साच्यातून ‘बॉम्बे’, ‘पंजाब’, ‘मद्रास’, ‘बेंगाल’ चारही निघू शकतात.

डेकवरचा काही भाग झाकणासारखा उचलता यायला हवा, कारण बॅटरी आणि यंत्रणा आत असतात. त्या तोंडाभोवती आतून उभी कड बसवतात, म्हणजे डेकवर आलेलं पाणी आत उतरत नाही. मग बाथटबमध्ये चाचणी. शिशाचे छोटे तुकडे पुढे-मागे सरकवत नौका जलरेषेवर समतल आणायची, आणि ती बसली की तुकडे रेझिनने पक्के करायचे. सुटं शिसं वळणावर एका बाजूला घरंगळलं की नौका उलटते. नळाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे नौका त्यात किंचित खोल बसते, हेही हिशेबात धरावं लागतं.

वेग किती?

खऱ्या ‘बॉम्बे’चा वेग सुमारे १५ नॉट, म्हणजे सेकंदाला ७.७ मीटर. त्याला बहात्तरने भागलं तर प्रतिकृती सेकंदाला दहा-अकरा सेंटिमीटर सरकेल आणि नाळेपाशी लाटच उठणार नाही. नौकेच्या लाटांचा आकार तिची लांबी आणि वेग यांच्या नात्यावर ठरतो, हे इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड याने एकोणिसाव्या शतकात प्रतिकृती ओढून सिद्ध केलं. त्यासाठी १८७२च्या सुमारास त्याने टॉर्की इथे खास चाचणी-टाकी उभारली. त्याच्या नियमाने वेगाला प्रमाणाच्या वर्गमुळाने भागायचं. बहात्तरचं वर्गमूळ साधारण साडेआठ. उत्तर येतं सेकंदाला ०.९ मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या आसपास. या वेगाला नाळेवरची लाट जुन्या छायाचित्रातल्यासारखीच उठते. आजही जगभर नव्या जहाजांच्या चाचण्या याच नियमावर होतात.

मात्र तळ्यातली तीन सेंटिमीटरची लाट या नौकेला दोन मीटरहून उंच असते. म्हणून वाऱ्याच्या दिवशी लहान नौका काठावरच ठेवलेली बरी.

रेडिओ आणि यंत्रं

रेडिओवर चालणारी बोट निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये दाखवली होती. पुढे छांदिष्टांच्या जुन्या संचांना एकेक ठरलेली वारंवारता असे. तळ्याकाठी दोघांची वारंवारता एकच निघाली की नौका बहकत. आजचे २.४ गिगाहर्ट्‌झचे संच आपापल्या रिसीव्हरशी जोडी जमवतात, त्यामुळे ती चिंता मिटली. पण ही वारंवारता पाण्यातून पुढे जात नाही. अँटेना जलरेषेच्या वर, धातूपासून दूर बसवावी लागते.

‘बॉम्बे’ला पाण्याखाली दोन पंखे (प्रोपेलर) होते, म्हणून प्रतिकृतीलाही दोन मोटारी. प्रत्येकीला वेगळा वेगनियंत्रक दिला तर एक पुढे, एक मागे फिरवून नौका जागच्या जागी वळवता येते. शाफ्टच्या नळीत घट्ट ग्रीस भरलं की पाणी आत येत नाही. छोट्या सुकाण्याला पाण्यात पुरेशी पकड मिळत नाही, म्हणून ते बरेच जण प्रमाणापेक्षा थोडं मोठं करतात.

चौदा मिलिमीटरचा कठडा

एक मीटर उंचीचा कठडा इथे १४ मिलिमीटरचा होतो. त्यासाठी आधी लाकडी पट्टीत सारख्या अंतरावर भोकं पाडतात आणि त्यांत पितळी तारेचे खांब उभे करतात. त्यांना आडव्या तारा टेकवून प्रत्येक सांध्याला सोल्डरिंगच्या टोकाने क्षणभर स्पर्श करतात. क्षण लांबला की शेजारचा सांधा सुटतो. डेकवर उभा असलेला नौसैनिक २४ मिलिमीटरचा, तर तीन इंची तोफेचं तोंड मिलिमीटरभर. हल्ली तोफा आणि पाणबुडीविरोधी बॉम्बचे रॅक थ्रीडी प्रिंटरवर निघतात. दोर मात्र लवचीक धाग्याचे लावावेत, म्हणजे झाकण उचलताना बोट अडकलं तरी डोलकाठी मोडत नाही. रंग नेहमी बिनचमकीचा असावा.

हा छंद आपल्याला परका नाही. एनसीसीच्या नौदल विभागातल्या मुलामुलींच्या नौसैनिक शिबिरात जहाजांच्या प्रतिकृतींची स्पर्धा असतेच. रॉयल इंडियन नेव्हीच्या आधीच्या रॉयल इंडियन मरीनच्या काळापासून नौदलाला खलाशी पुरवणाऱ्या भागांत आपला रत्नागिरी जिल्हा होता. आणि आज सिडनी-मेलबर्नमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांना शाळेत ऑस्ट्रेलियाचा युद्ध-इतिहास शिकवला जातो. त्या इतिहासात त्यांच्या आजी-आजोबांच्या शहराच्या नावाची एक नौका आहे, हे त्यांना कोणी सांगायला हवं.

सांगण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ती त्यांच्याकडून बांधून घेणं. ज्या मुलीने स्वतः घनाचं गणित करून शिसं बसवलं, तिला वजन आणि स्थैर्य पुस्तकातून वेगळं शिकवावं लागत नाही; आणि जिने छायाचित्रं ताडून तोफेची जागा ठरवली, ती त्या तोफेमागच्या माणसांची चौकशी केल्याशिवाय राहत नाही. पहिल्या प्रयत्नाला मोठी विनाशिका घेऊ नका. सिडनीच्या सागरी संग्रहालयात उभी असलेली ‘व्हॅम्पायर’ या प्रमाणात १.६५ मीटरची होते. ती ठेवायला, न्यायलाच अर्धं घर लागेल. हातभर लांबीची कॉर्व्हेट जेवणाच्या टेबलावर बांधता येते आणि एका माणसाला उचलता येते. जवळच्या क्लबात जा, जाणत्यांच्या नौका हातात घेऊन पाहा, आराखडा मागवा आणि पहिली बरगडी कापा.